अर्ध्या गुणाचा खेळाडू

४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये सचिन खिलारीने गोळा १६.३२ मीटर फेकला. सचिन सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. एफ-४६ गटातला हा आशियाई विक्रम होता आणि त्याला रौप्यपदक मिळालं. सुवर्ण गेलं कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला, १६.३८ मीटरवर. फरक सहा सेंटिमीटरचा. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय त्याची रुंदी बहुधा याहून जास्त असेल.

अशा वेळी आपल्याकडे एक मथळा ठरलेला असतो: ‘अपंगत्वावर मात’. मला या ‘मात’चं नेहमी नवल वाटतं. बुद्धिबळातला शब्द आहे, म्हणजे समोर कोणीतरी प्रतिस्पर्धी हवा. खिलारीच्या समोर अपंगत्व नव्हतं, सात फूट दोन इंच उंचीचा स्टुअर्ट होता. आणि खिलारीने त्याच्यावर मात केली नाही, तो सहा सेंटिमीटरने मागे पडला. मथळा पदक सांगतो आणि स्पर्धा गाळून टाकतो.

आता त्या स्पर्धेत बघण्यासारखं काय होतं ते पाहा. एफ-४६ हा हातातल्या अपंगत्वाचा गट. खिलारीचा डावा हात शाळेत असताना झालेल्या अपघातानंतर निकामी होत गेला. स्टुअर्टच्या डाव्या हाताचा पुढचा भाग जन्मापासूनच नाही. दोघं गोळा उजव्या हाताने फेकतात. मग डाव्या हाताचं काय काम, असं वाटेल. पण गोळाफेक करताना रिकामा हात आधी बाहेर उघडतो आणि मग झटक्यात शरीराजवळ थांबतो. तो थांबला की अंगाच्या फिरण्यातला जोर फेकणाऱ्या बाजूला जातो. तो हात नसेल किंवा त्यात ताकद नसेल, तर तो ‘ब्रेक’ दुसरीकडून आणावा लागतो, पोटातून, खांद्यातून. आणि गट ठरतो तो हातावरून, उंचीवरून नाही. मग हे न्याय्य आहे का? ऑलिंपिकच्या गोळाफेकीत तरी उंचीचे गट कुठे असतात? आपण डकवर्थ-लुईसवर चहाच्या टपरीवर तास तास भांडणारी माणसं. यावर कोणाला भांडताना तुम्ही ऐकलंय? मी नाही.

हा लेख सिनेमांबद्दल आहे. अपंग खेळाडूंवरचे सिनेमे बघताना माझी तक्रार एकच असते: ते माणूस दाखवतात, दुःख दाखवतात, पदक दाखवतात, पण खेळ दाखवत नाहीत. आणि या खेळांमध्ये नाट्य नेमकं खेळाच्या नियमांमध्ये असतं. दोन धडधाकट माणसांना पळायला लावायचं तर एक रेघ पुरते. दोन वेगवेगळ्या प्रकारे अपंग असलेल्या माणसांना एकमेकांविरुद्ध खेळवायचं, तर आधी ‘बरोबरी’ म्हणजे काय हे कोणीतरी बसून डिझाइन करावं लागतं. माझा धंदा सॉफ्टवेअरचा असल्याने मला त्या डिझाइनचं जास्त कौतुक असेल, हे मान्य.

माझी बाजूही सांगून टाकतो. वय अठ्ठावीस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात बाइकच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. शनिवार-रविवार व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो. मी ‘अपंग’ हाच शब्द वापरतो. ‘दिव्यांग’ला माझा विरोध नाही, पण दिव्य असं मला काही मिळालेलं नाही, विम्यातून कृत्रिम पायाचे पैसेही निम्मेच मिळाले.

‘चंदू चॅम्पियन’ जून २०२४ मध्ये आला तेव्हा त्याचा ट्रेलर मला अकरा जणांनी पाठवला. कबीर खानचा हा सिनेमा मुरलीकांत पेटकरांवर आहे. पेटकरही सांगली जिल्ह्यातलेच, पेठ-इस्लामपूर भागातले. सैन्यात ईएमईमध्ये होते, मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९६८ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ला जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्ण जिंकलं. अभिनव बिंद्राच्या छत्तीस वर्षं आधी. पद्मश्री मिळाली २०१८ला. हिशेब तुम्हीच करा.

सिनेमा वाईट नाही. उलट, रडारड करायची एवढी सोय असताना तो बऱ्यापैकी हसतखेळत चालतो. म्हातारे पेटकर पोलीस ठाण्यात जाऊन चक्क राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायला निघतात, कारण अर्जुन पुरस्कार दिला नाही. ही चौकट मला आवडली. त्यात एक खास सातारा-सांगलीकडचा हट्ट आहे. हेलसिंकीहून १९५२ला पदक घेऊन परतलेल्या खाशाबा जाधवांचं स्वागत बघून एका पोराच्या डोक्यात पदक शिरतं, ही सुरुवातही उत्तम. कुस्तीच्या आखाड्यातली मजा, नंतर बॉक्सिंगचं प्रशिक्षण, विजय राझचा टायगर अली, सगळं रंगतं. युद्धाचा प्रसंग एका सलग शॉटमध्ये घेतलाय, त्याचीही भरपूर चर्चा झाली.

अडचण नंतर सुरू होते. कुस्ती आणि बॉक्सिंग दाखवताना सिनेमाला डाव, पवित्रा, ठोसा यात रस आहे. पेटकर व्हीलचेअरवर आले आणि पाण्यात उतरले की सिनेमाचा रस खेळातून निघून ‘जिद्दी’त जातो. मी तो दोनदा पाहिला. दोन्ही वेळा बाहेर येताना मला एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नव्हतं: हा माणूस पोहत कसा होता?

मला हा प्रश्न पडतो कारण अपघातानंतर डॉक्टरांनी मलाही आधी पाण्यातच ढकललं. (ज्या टँकवर जायचो तिथे मला दुपारी दोन ते तीनची वेळ दिली होती, ‘तेव्हा कोणी नसतं, तुम्हालाही बरं’ असं सांगून. बरं कोणाला, ते मी विचारलं नाही.) एक पाय कमी असला की पहिला शोध लागतो तो हा, की पाय फक्त पुढे ढकलत नाहीत. ते शरीर सपाट ठेवतात आणि खांद्यांच्या वळण्याला तोल देतात. एकाच पायाने लाथ मारली की अंग त्या बाजूला पिळतं आणि तुम्ही तळाच्या काळ्या पट्टीवरून हळूहळू शेजाऱ्याच्या लेनमध्ये जाता. उजव्या पायाची लाथ डाव्या हाताच्या ओढीबरोबर जुळवायला लागली तेव्हा कुठे मी सरळ गेलो. त्याला तीन महिने लागले.

पेटकरांचे दोन्ही पाय काम करत नव्हते. म्हणजे पाय मागे नुसते ओढले जाणार, ते खाली गेले की पाण्याचा विरोध वाढणार. कंबर वर ठेवायची तर डोकं आणि छाती पाण्यात रेटून तरफेसारखा उपयोग करायचा. श्वास घ्यायला मान वळवली की तो तोल पुन्हा बिघडणार. मग ५० मीटरमध्ये श्वास किती वेळा घ्यायचा? उडी मारायला पाय नाहीत, तर सुरुवात कशी करायची? सदतीस सेकंदांच्या आत हे सगळे निर्णय आहेत. आधी बॉक्सर असलेल्या माणसाचे खांदे इथे कामी आले असतील का? सिनेमाला हा दुवा आयता मिळाला होता. बॉक्सिंग त्याने तासभर दाखवलंच होतं!

त्याऐवजी प्रसिद्धीत काय आलं? कार्तिक आर्यनने शरीरातली चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणली, त्याचे आधीचे-नंतरचे फोटो. मेहनत खरी असणार, मी ती नाकारत नाही. पण एका अपंग जलतरणपटूवरच्या सिनेमातून लोकांच्या लक्षात राहिलेला आकडा धडधाकट नटाच्या पोटाचा असावा, आणि ३७.३३ कोणाला आठवू नये, हे जरा चमत्कारिक आहे.

अजून एक. पेटकरांच्या शर्यतीचं अधिकृत नाव ‘५० मीटर फ्रीस्टाइल, वर्ग ३’ असं आहे. हा ३ म्हणजे काय? त्या काळात वर्ग मणक्याच्या इजेवरून ठरायचे: मणका कितव्या जागी दुखावला, त्याखाली कोणते स्नायू उरले. याचं मूळ इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात आहे. लुडविग गुटमान या डॉक्टरांनी १९४८ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, व्हीलचेअरवरच्या सोळा जखमी माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली; त्यात पुरुषही होते, बायकाही. तिथून १९६०चं रोम आणि पुढचं सगळं. खेळ हा आधी उपचार होता, म्हणून वर्गही डॉक्टरी. पुढे मणक्याऐवजी ‘पाण्यात प्रत्यक्ष काय करता येतं’ यावर वर्ग ठरू लागले. हायडेलबर्गची गोष्ट तर अजूनच बोलकी. १९७२चं पॅरालिम्पिकही म्युनिकलाच व्हायचं होतं, पण ऑलिंपिकसाठी बांधलेल्या खेळाडूंच्या वसाहतीतले फ्लॅट नंतर खासगी घरं म्हणून वापरायचे होते, त्यामुळे अपंग खेळाडूंना दुसरं गाव शोधावं लागलं. आणि पेटकरांच्या प्रवासाच्या पैशांसाठी धावून आले ते माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांची संस्था, असं त्यांच्यावरच्या लेखांमध्ये वाचायला मिळतं. जागा कोणाची, पैसे कोणाचे, वर्ग कोण ठरवणार. राष्ट्रपतींविरुद्धच्या तक्रारीइतकंच यातही नाट्य आहे.

कोणी म्हणेल, व्यावसायिक हिंदी सिनेमाकडून एवढी अपेक्षा कशाला? तर त्याच हिंदी सिनेमाने वीस वर्षांपूर्वी ती पुरी केली होती. नागेश कुकुनूरच्या ‘इक्बाल’मध्ये श्रेयस तळपदेने साकारलेला मूकबधिर वेगवान गोलंदाज म्हशी राखतो. म्हशींना त्याने भारतीय क्रिकेटपटूंची नावं दिलीत आणि माळावर तो त्यांना फील्डर समजून खेळतो. मला तो प्रसंग फार मोठा वाटतो. कारण त्या क्षणी आपण बिचारा मुलगा बघत नाही. क्रिकेटचा विचार करणारं डोकं बघतो. मग बोलता न येणाऱ्या शिष्याला दारूत बुडालेला कोच (नसीरुद्दीन शाह) शिकवणार कसा, मध्ये बहीण दुभाष्यासारखी उभी राहते, हातवाऱ्यांची भाषा तयार होते. अपंगत्व तिथे खेळाच्या आत येतं. शेवट सिनेमाचा ठरलेलाच आहे, पण तिथवर जाताना मला स्विंग दिसला.

या विषयावरचा मी पाहिलेला सगळ्यात चांगला सिनेमा मात्र अमेरिकन आहे आणि माहितीपट आहे: ‘मर्डरबॉल’, २००५चा, दिग्दर्शक हेन्री अॅलेक्स रुबिन आणि डॅना अॅडम शपिरो. व्हीलचेअर रग्बीवरचा. हा खेळ १९७७च्या सुमारास कॅनडातल्या विनिपेगमध्ये सुरू झाला आणि त्याचं मूळ नावच मर्डरबॉल. मानेचा मणका दुखावलेल्या, म्हणजे हात-पाय दोन्हींवर परिणाम झालेल्या माणसांसाठी हा खेळ काढला, कारण बास्केटबॉलमध्ये अशांना बाकावरच बसावं लागायचं. बास्केटबॉलच्याच मैदानावर खेळतात, खुर्च्या एकमेकींवर धाडकन आदळतात, आणि चेंडू मांडीवर घेऊन दोन चाकं गोलरेषेपलीकडे नेली की एक गोल.

गंमत आहे ती गुणांमध्ये. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीरात किती हालचाल शिल्लक आहे त्यावरून गुण मिळतात, ०.५ ते ३.५. सर्वात जास्त अपंगत्व असलेल्याला अर्धा. मैदानावर चार जण, आणि चौघांची बेरीज आठच्या वर जाता कामा नये. म्हणजे चार तगडे साडेतीनवाले उतरवले तर होतात चौदा. नियमात बसतच नाही. दोन साडेतीनवाले हवे असतील तर उरलेल्या दोघांना मिळून एकच गुण शिल्लक राहतो. अर्धा आणि अर्धा.

थांबून याचा विचार करा. ज्या माणसाचं शरीर सगळ्यात कमी चालतं, त्याच्याशिवाय सगळ्यात जास्त चालणाऱ्या दोन माणसांना एकत्र मैदानात पाऊल (चाक) ठेवता येत नाही. हे कोणी दया म्हणून केलेलं नाही, ते गणितात आहे. कॅम्पसच्या इंटरव्ह्यूत विचारतात तो नॅपसॅक प्रॉब्लेम, फक्त पिशवीत माणसं भरायची. आणि अर्ध्या गुणाचा खेळाडू शोभेला नसतो. त्याच्या खुर्चीला पुढे आकड्यासारखी जाळी असते. ती तो प्रतिस्पर्ध्याच्या चाकात अडकवून त्याला जागच्या जागी खिळवतो. गोल दुसऱ्याच्या नावावर जातो. वाट याने मोकळी केलेली असते.

आमच्या बास्केटबॉलमध्येही हेच, फक्त आकडे वेगळे: १ ते ४.५ गुण, पाच खेळाडू, बेरीज चौदा. मी पडलो साडेचारवाला. गुडघ्याखाली एकच पाय नाही, कंबर-पोट-पाठ शाबूत, म्हणून सर्वात महाग. आमच्या संघात एक गुणाचे एक काका आहेत, झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं. छातीखाली ताकद नाही, पट्ट्याने स्वतःला खुर्चीला बांधून घेतात. त्यांनी मारलेला एकही बास्केट मला आठवत नाही. पण ते खुर्ची अशा कोनात आणून उभी करतात की माझ्यावर धावून येणारा माणूस वळूच शकत नाही, आणि मला रिंगखाली दोन सेकंद मोकळे मिळतात. मी शॉट चुकवला की ते ओरडतात, “अरे इंजिनिअर, साडेचार खातोस ना! आमच्या घरी पण असंच, शिकलेलं पोरगं सगळ्यात जास्त खातं.” संघ लावताना आमच्यात जी खरी भांडणं होतात, साडेचार अधिक चार अधिक तीन अधिक दीड अधिक एक, मग दीडवाला नाही आला तर कोणाला बसवायचं, त्यातलं एकही भांडण मी कुठल्या भारतीय सिनेमात पाहिलेलं नाही.

‘मर्डरबॉल’चं दुसरं बळ म्हणजे त्यातली माणसं गोड नाहीत. जो सोरेस हा अमेरिकेचा जुना अव्वल खेळाडू. अमेरिकी संघातून वगळल्यावर तो थेट कॅनडाचा प्रशिक्षक होतो आणि आपल्याच देशाला हरवण्याच्या मागे लागतो. घरी त्याचा मुलगा खेळाऐवजी व्हायोला वाजवतो आणि बापाला ते पचत नाही. सोरेस खडूस आहे, चिडका आहे, आणि सिनेमा त्याला तसं असू देतो. ‘चंदू चॅम्पियन’चा नायक मात्र आपल्याला सतत आवडत राहावा लागतो. अपंग माणसाला खडूस असण्याची परवानगी मिळणं ही मोठी गोष्ट आहे, विश्वास ठेवा. शेवटी अथेन्सच्या २००४च्या पॅरालिम्पिकमध्ये अमेरिकेला कांस्यावर समाधान मानावं लागतं. सिनेमाचं त्याने काही बिघडत नाही, कारण तोवर आपण सामना बघायला शिकलेलो असतो.

पण इथेही माझी एक कुरकुर आहे. कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि चेंडू बहुतेक वेळा जास्त गुणवाल्याच्या मांडीवर असतो. मार्क झुपानची दाढी, टॅटू, मर्दानगी यांवर सिनेमा जरा जास्तच खूश आहे. बायका येतात त्या मैत्रिणी म्हणून. अर्ध्या गुणाच्या खेळाडूमागे सलग पाच मिनिटं चाललेला कॅमेरा मला अजून बघायचाय. त्यात कदाचित एकही गोल दिसणार नाही.

‘सितारे जमीन पर’ (२०२५, दिग्दर्शक आर. एस. प्रसन्ना) हा बास्केटबॉलचाच सिनेमा असल्याने मी त्याच्याकडे फार आशेने गेलो. हावियेर फेसेरच्या ‘कांपेओनेस’ या २०१८च्या स्पॅनिश सिनेमाचा हा हिंदी अवतार. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या प्रशिक्षकाला (आमिर खान) कोर्ट शिक्षा म्हणून बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंना शिकवायला पाठवतं. मोठी गोष्ट ही की त्या दहा खेळाडूंच्या भूमिका तसं अपंगत्व असलेल्या दहा कलाकारांनीच केल्यात. आणि ते धमाल आहेत. त्यांची विनोदाची वेळ आमिरपेक्षा अचूक आहे. इतकी वर्षं धडधाकट नट व्हीलचेअरवर बसून पुरस्कार घेत आले, त्यावर हे चांगलं उत्तर आहे.

पण बदलायचं कोणाला? प्रशिक्षकाला. त्याचं लग्न, त्याची भीती, त्याचा अहंकार. खेळाडू म्हणजे त्याला माणूस बनवणारा क्रॅश कोर्स. आणि शेवटी संघ अंतिम सामना हरतो, तरी खेळाडू नाचतात. जिंकलो-हरलो याने त्यांना फरक पडत नाही. प्रेक्षागृहात माझ्या आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते. मी अस्वस्थ होतो. जिंकायची इच्छा हा खेळाडूचा हक्क आहे. तो त्यांच्याकडून इतक्या प्रेमाने काढून घेतला, की कोणाच्या लक्षातही आलं नाही. आमचा संघ हरतो तेव्हा आम्ही परतीच्या टेम्पोत एकमेकांशी बोलत नाही.

हे मी उगाच ताणत नाहीये. ‘कांपेओनेस’ ज्या देशात बनला त्याच देशाच्या संघाने २०००च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अपंगत्वाच्या गटात बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकलं होतं. नंतर उघड झालं की बारापैकी दहा खेळाडूंना असं कुठलंही अपंगत्व नव्हतं. त्यातलाच एक, कार्लोस रिबागोर्डा, पत्रकार होता, त्यानेच फोडलं. पदकं परत गेली, आणि ज्या दोघांना खरोखर अपंगत्व होतं त्यांचंही पदक गेलं. पुढे जगभरातल्या बौद्धिक अपंगत्वाच्या सगळ्याच खेळाडूंना पॅरालिम्पिकचं दार बंद झालं. ते २०१२ला लंडनमध्ये उघडलं, तेही अॅथलेटिक्स, पोहणं आणि टेबल टेनिससाठी. बास्केटबॉल आजही परतलेलं नाही. म्हणजे सिनेमातल्या त्या दहा जणांनी कितीही सराव केला, तरी पॅरालिम्पिकमध्ये त्यांना खेळायला सामनाच नाही. हरल्यावर नाचणं गोड आहे, पण हे दार कोणी बंद केलं ते दोन्ही सिनेमांना सांगावंसं वाटलं नाही.

वर्गीकरण ही कारकुनी नाही, हे आपल्याला टोकियोतही दिसलं होतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये विनोद कुमारने एफ-५२ गटात थाळीफेकीत १९.९१ मीटरवर कांस्य मिळवलं, देशाने अभिनंदन केलं, आणि दुसऱ्या दिवशी तो त्या गटात बसत नाही असा निर्णय होऊन पदक गेलं. एका बंद खोलीत दोन-तीन तज्ज्ञ तुमचं कोपर वाकवून बघतात, स्नायूंना आकडे देतात, आणि मैदानावर तुम्ही कोण आहात ते ठरवतात. माझं वर्गीकरण झालं त्या दिवशी मी जितका घामाघूम झालो होतो तितका कुठल्याही सामन्यात झालो नाही. गंमत म्हणजे तिथे शरीर जास्त चांगलं चाललं तर तोटा असतो. या खोलीवर एक पूर्ण सिनेमा होऊ शकतो. संशय, लाज, पैसा, डॉक्टर, सगळं चार भिंतींत.

राहिला मुद्दा आवाजाचा. नेटफ्लिक्सवरचा ‘रायझिंग फीनिक्स’ (२०२०) तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पॅरालिम्पिकच्या इतिहासावरचा हा माहितीपट दिसायला अतिशय देखणा आहे. इटलीची तलवारबाज बेबे विओ त्यात बोलायला लागली की नजर हटत नाही. पण खेळ आला की सगळं स्लो-मोशनमध्ये जातं, मागे संगीत उसळतं, खेळाडू पुतळ्यांसारखे दिसू लागतात. तुम्ही भारावून जाता. कोणी कोणती चाल केली, ते मात्र सांगता येत नाही.

या सगळ्यावर मला उतारा सापडला तो गोलबॉलमध्ये. दृष्टिहीनांसाठीचा खेळ, दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ला काढलेला. दोन्ही बाजूंना तीन-तीन जण, मैदानाच्या टोकांना नऊ मीटर रुंद गोल, सव्वा किलोचा चेंडू आणि त्यात घुंगरांसारख्या घंटा. इथे बरोबरी गुणांच्या बेरजेने साधत नाहीत. ज्याला थोडं दिसतं त्यालाही पट्टी बांधायची, संपलं. (अंधांच्या क्रिकेटमध्ये तिसरीच युक्ती आहे: पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात.) मैदानावरच्या रेषांच्या टेपखाली दोरी असते, ती बोटांनी चाचपून आपण कुठे आहोत ते कळतं. आणि चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी शांत राहायचं असतं. टाळी नाही, शिट्टी नाही. घंटेचा आवाज ऐकू आला नाही तर खेळच होणार नाही.

म्हणजे आपल्या सिनेमांत ज्या क्षणी व्हायोलिनं चढतात, त्या क्षणी या खेळात शांतता हवी असते. पार्श्वसंगीत लावलं की बचाव करणारे तिघंही आंधळे होतील, आणि या वेळी खरोखर.

पॅरालिम्पिकच्या यूट्यूब चॅनेलवर गोलबॉलचे अख्खे सामने आहेत. बसमध्ये, हेडफोन लावून, एखादा बघा. पहिली पाच मिनिटं काही कळणार नाही. मग पंच शांततेची सूचना देतात, मैदानाच्या एका टोकाला कोणीतरी गिरकी घेतो, चेंडू जमिनीवरून घरंगळत निघतो, आणि समोरचे तिघं तो कुठे येणार हे ऐकून, त्याच्या आधी अर्धा क्षण, आडवे पडतात.